वॉलेटला नावच नाही, मग क्रिप्टोच्या नियमांनी चोर सापडणार कसा?

कोरंपान:
मावशीचे पैसे खोट्या ट्रेडिंग अ‍ॅपमध्ये गेले. रोज नफा वाढताना दिसायचा, काढायला गेली तर म्हणे आधी टॅक्स भरा, बिचारीने तोही भरला. यूएसडीटी (डॉलरच्या किमतीला बांधलेलं क्रिप्टो) कुठल्या पत्त्यावर गेले ते एक्सप्लोररवर, म्हणजे क्रिप्टोचे व्यवहार सगळ्यांना दाखवणाऱ्या साइटवर दिसतंय, पुढे कुठे फिरले तेही दिसतंय, फक्त माणूस दिसत नाही. मग केवायसी, लायसन्स हे नियम लागतात तरी कुठे? वॉलेट तर कोणीही दोन मिनिटांत बनवतं.

रात्रपाळी:
वॉलेटला नाही लागत, दाराला लागतात. चोराला शेवटी खरे पैसे हवे असतात आणि मोठी रक्कम बहुतेक वेळा एक्सचेंजमधूनच, म्हणजे क्रिप्टो घेऊन खरे पैसे देणाऱ्या कंपनीतूनच बाहेर पडते. म्हणून एफएटीएफने (मनी लाँडरिंगविरोधी आंतरराष्ट्रीय संस्था) २०१९ मध्ये ट्रॅव्हल रूल क्रिप्टोलाही लावला, १००० डॉलर किंवा युरोच्या वरची ट्रान्सफर असेल तर पाठवणारा कोण, घेणारा कोण ही माहिती सोबत जायला हवी. बिटफिनेक्स या एक्सचेंजमधून २०१६ ला जवळपास १,२०,००० बिटकॉइन चोरले, २०२२ मध्ये त्यातले ९४,००० जप्त झाले, वॉलेटच्या किल्ल्या क्लाउडवरच्या एका फाइलमध्ये सापडल्या. ब्लॉकचेनवरची, म्हणजे क्रिप्टोच्या सामायिक वहीतली नोंद पुसता येत नाही हो.

उंबरठा:
पण त्याला सहा वर्षं लागली! नियम कागदावर चांगलाय, पण सगळे देश तो सारखा पाळत नाहीत आणि चोर बरोबर सगळ्यात ढिलं दार शोधतो. टॉर्नेडो कॅशवर (अनेकांचं क्रिप्टो मिसळून माग पुसणारा प्रोग्राम) अमेरिकेने ऑगस्ट २०२२ मध्ये निर्बंध घातले, मार्च २०२५ मध्ये उठवले, मधल्या काळात तो कोड चेनवर चालूच होता. कोडला बेड्या कशा घालणार?

रात्रपाळी:
बरोबर आहे, वेळेचंच दुखणं आहे. मी कंप्लायन्समध्ये काम करते. मागे एकदा अलर्ट आला, ते खातं तपासायला घेईपर्यंत रकमेचे बारीक तुकडे होऊन अर्धे दुसऱ्या चेनवर गेलेले, आणि समोरच्या एक्सचेंजचं उत्तर आलं चौथ्या दिवशी. होल्डच्या, म्हणजे रक्कम रोखून ठेवायच्या विनंतीला काही तासांत उत्तर देणं कायद्याने बंधनकारक हवं, माझं तरी हेच म्हणणं आहे.
@कोरंपान, यूएसडीटी आहे ना? ते काढणारी टेदर कंपनी ते गोठवू शकते, पोलिसांकडून विनंती जावी लागते. ट्रान्झॅक्शन हॅश (प्रत्येक व्यवहाराचा ओळख क्रमांक), पत्ते, चॅटचे स्क्रीनशॉट घेऊन आजच तक्रार करा. आणि फी घेऊन पैसे परत मिळवून देतो म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका, तीही बहुतेक फसवणूकच असते.

कोरंपान:
सहाव्या ट्रान्सफरला मोठा हिस्सा एका एक्सचेंजच्या पत्त्यावर गेलेला दिसतोय. हॅश लिहून घेतलेत, मावशीला घेऊन आत्ताच निघतोय.