सुप्त मन, अबोध मन की नेणीव? (मतदाराच्या मनाबद्दल लिहिताना)

'अनकॉन्शस माइंड'ला मराठीत काय म्हणावं, यावर बऱ्याच जणांनी 'सुप्त मन' सुचवलंय पण राजकारणाबद्दल लिहिताना तो शब्द मला अजिबात पटत नाही. सुप्त म्हणजे झोपलेलं, आणि हे मन तर सतत कामावर असतं, आपण विचार करायला बसतो तोवर त्याचा कौल देऊन झालेला असतो. मानसशास्त्रज्ञ टोडोरोव आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अमेरिकन सिनेटच्या उमेदवारांचे नुसते चेहरे लोकांना दाखवले, पक्ष नाही, भाषण नाही, आणि विचारलं की जास्त कर्तबगार कोण वाटतो, तर सुमारे ७० टक्के लढतींत लोकांनी निवडलेला चेहराच जिंकलेला निघाला! याला झोपलेलं कसं म्हणायचं?

'अबोध' मनोविश्लेषणवाल्या फ्रॉइडपुरता ठीक आहे. पण त्याचा भर दडपलेल्या इच्छांवर होता. उत्क्रांतीच्या अंगाने बोलणारे म्हणतात की यातलं बरंचसं कुणी दडपलेलं नाहीच, ते मुळात जाणिवेपर्यंत येतच नाही, कारण छोट्या टोळ्यांत जगताना आपला कोण परका कोण हे झटकन कळणं महत्त्वाचं होतं, कसं कळलं ते कळायची गरज नव्हती.

सामाजिक मानसशास्त्रज्ञ ताजफेलचा १९७१ चा प्रयोग बघा. शाळेतली मुलं, क्ली हा चित्रकार आवडतो की कँडिन्स्की हा, यावरून दोन गट पाडले असं त्यांना सांगितलं (खरं तर वाटणी कशीही केलेली), मग दुसऱ्या मुलांना पैसे वाटायला लावले, स्वतःला काहीच मिळणार नव्हतं आणि कोण कुठल्या गटात एवढंच माहीत, तरी बरीच मुलं आपल्या गटाला झुकतं माप देत होती, आणि कित्येकदा आपल्या गटाला थोडे कमी मिळाले तरी चालतील पण दुसऱ्या गटापेक्षा जास्त हवेत असा हिशोब होता. ही मुलं कपटी नव्हती हो.

आणि उत्क्रांतीचा अभ्यासक ट्रिव्हर्सचा मुद्दा तर मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, की स्वतःला आधी फसवलं तर दुसऱ्याला फसवताना पकडलं जायची भीती कमी. म्हणजे नेता खोटं बोलतोय आणि त्याला ते मनापासून खरं वाटतंय, दोन्ही एकदम शक्य आहे.

म्हणून माझं मत 'नेणीव', म्हणजे जाणिवेच्या उलट, आपल्याला न जाणवणारं. हरिपाठात जाणीव-नेणीव ही जोडी आहेच, शब्द घडवायला नको. 'अनकॉन्शस बायस'ला 'नेणिवेतला कल' म्हणता येईल. फक्त लिहिताना 'नेणीवेतला' नको, जाणीव-जाणिवेत तसं नेणीव-नेणिवेत, दुसरी वेलांटी ऱ्हस्व होते.