दोन वर्षं पुण्यात, दोन इंग्लंडात : पोरीला घालावं का?

बागायतदार_तासगाव
राम राम मंडळी. पोरगी बारावी सायन्स झाली, सीईटीला ८४ पर्सेंटाइल. परवा सांगलीत विश्रामबागला एका हॉलवर सेमिनार होता, तिघंही जाऊन आलो. पुण्याची एक अकॅडमी आहे. कॉम्प्युटरची पहिली दोन वर्षं त्यांच्याकडं, पुढची दोन इंग्लंडात, डिग्री थेट तिकडच्या विद्यापीठाची. इथली फी वर्षाला साडेचार लाख, तिकडची पंधरा हजार पौंड, राहणं-खाणं वेगळं.

पत्रकावर तिकडच्या विद्यापीठाचं चिन्ह वीतभर छापलंय. अकॅडमीचं नाव पाठीमागं खालच्या पट्टीत, आणि त्याच पट्टीत मुंगीएवढ्या अक्षरात 'पुढील प्रवेश व्हिसा व परदेशी विद्यापीठाच्या निर्णयाधीन'. टायवाला पोरगा म्हणतोय शनिवारच्या आत पंचवीस हजार भरा, नाहीतर सीट जाईल. व्यापारी बागेत येऊन 'इसार घ्या, इसार घ्या' करायला लागला की आम्ही दोन दिवस थांबतो, तसं थांबलोय. पण पोरीनं घरात बोलणं टाकलंय.

ही डिग्री इकडं चालते का? मध्येच व्हिसा नाही मिळाला तर काय? आणि बागेवर कर्ज होईल का?

परीक्षा_विभाग_सातारा
दादा, पैसे भरू नका अजून. मी कॉलेजच्या ऑफिसात आहे, असली पत्रकं टेबलावर येतच असतात. त्यांना फोन करून एवढंच विचारा : पहिली दोन वर्षं पोरगी कुठल्या विद्यापीठाची विद्यार्थिनी? पीआरएन, म्हणजे विद्यापीठाचा कायमचा नोंदणी नंबर, कोण देणार, मार्कलिस्टवर सही कुणाची? यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायदा १९५६ च्या कलम २२ प्रमाणे डिग्री द्यायचा अधिकार विद्यापीठाला, अकॅडमीला नाही.

परदेशी विद्यापीठाबरोबर कोर्स चालवायचे नियम यूजीसीने मे २०२२ मध्ये काढलेत. त्यात तीनच प्रकार. ट्विनिंगमध्ये डिग्री भारतीय संस्थेची, बाहेरची क्रेडिट (पास झालेल्या अभ्यासाचं माप) फार तर ३० टक्के. जॉइंट डिग्रीत एकच प्रमाणपत्र, दोघांची चिन्हं, दोन्हीकडं किमान ३०-३० टक्के क्रेडिट. ड्युअलमध्ये दोघांच्या वेगवेगळ्या डिग्र्या, त्यातही इथली किमान ३० टक्के हवीतच. आयोगाकडं वेगळी परवानगी न मागता असा करार करायचा तर भारतीय संस्थेला नॅकचे (संस्थांचा दर्जा तपासणारी परिषद) किमान ३.०१ गुण हवेत किंवा एनआयआरएफ या केंद्राच्या क्रमवारीत पहिल्या शंभर विद्यापीठांत नाव हवं किंवा केंद्राचा 'इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स' दर्जा हवा, आणि परदेशी विद्यापीठ क्यूएस किंवा टाइम्सच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात. (आपल्या शिवाजी विद्यापीठाला २०२१ साली नॅकचे ३.५२ गुण मिळाले होते. हे ऐकवून 'तुमचे किती?' विचारलं की सेमिनारवाले विषय बदलतात.) फ्रँचायझी, म्हणजे परदेशी विद्यापीठाच्या नावानं इथं दुसऱ्याच संस्थेनं कोर्स चालवणं, तर या नियमात सरळ बंद आहे. फी आधी जाहीर करावी लागते, आणि मूल मध्येच थांबलं तर त्याला पुढची वाट काय, तेही संस्थेने सांगायचं असतं.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हे तिन्हीत बसत नाही. पोरगी तिकडं जाऊन शिकून पास झाली तर तिकडची डिग्री खोटी नसेल, पण इकडं सरकारी नोकरीला किंवा एम.टेक.ला समकक्षता, म्हणजे ती इथल्या डिग्रीच्या बरोबरीची असल्याची मान्यता, लागेल. यूजीसीचे २०२५ चे नियम सांगतात की फ्रँचायझीतून घेतलेल्या पदवीला ती मिळत नाही. आणि व्हिसा अडला तर हातात अकॅडमीचा दोन वर्षांचा कागद. तो घेऊन आमच्याकडं थेट दुसऱ्या वर्षाला बसवा म्हणून पालक येतात, आम्हाला नाही म्हणावं लागतं.

कर्जविभाग_मिरज
फक्त कर्जाचं सांगतो. बागेचा सातबारा घेऊन येऊ नका. सरफेसी, म्हणजे थकलेल्या कर्जासाठी बँकेला तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, थकल्यावर तिच्यावर त्या कायद्याने हात घालता येत नाही, म्हणून शैक्षणिक कर्जाला बँका ती तारण घ्यायला नाखूश असतात. एनए (बिगरशेती) प्लॉट, घर, ठेव चालते. साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्यापुढं बिनतारणी हवं तर विद्यापीठ बँकेच्या निवडक यादीत असावं लागतं. अकॅडमीच्या पहिल्या दोन वर्षांसाठी मॅनेजर आधी मान्यतेचा कागद मागणार, तिथंच फाइल थांबेल. बेदाण्याच्या विक्रीच्या पट्ट्या (पावत्या) तीन वर्षांच्या जपून ठेवा, उत्पन्न दाखवायला लागतात.

कंदीपेढा_लीड्स
काका, मी कोरेगावची. अशाच वाटेनं इकडं आले, माझं बरं झालं. पण दोन वर्षांची क्रेडिट आपोआप धरतात असं समजू नका. इकडचं विद्यापीठ एकेका विषयाचा सिलॅबस मागवून जुळवून बघतं. माझ्याबरोबरच्या एकाचं गणित जुळलं नाही, त्याला इकडच्या दुसऱ्या वर्षाऐवजी पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागली, म्हणजे एका वर्षाची फी वाढली. व्हिसाला लागणारे पैसे खात्यात सलग २८ दिवस पडून लागतात, आदल्या दिवशी पाहुण्याकडून आणून चालत नाही.

तिला सांगा, सांगलीत नाहीतर साताऱ्यात बी.टेक. कर आणि मास्टर्सला ये. इथं माझ्या ओळखीतले निम्मे तसेच आलेत. लवकर निघण्याची हौस मला समजते, मलाही होती.

बागायतदार_तासगाव
सगळ्यांचे आभार. फोन केला. पीआरएनचं विचारल्यावर म्हणाले, 'सर, तुम्ही ऑफिसला या, समोरासमोर बोलू.' करार झालाय म्हणतात, तर त्याची प्रत मेलवर पाठवा म्हटलं, अजून आलेली नाही. पोरीला लीड्सच्या ताईंचा मेसेज वाचून दाखवला. तिचं म्हणणं, मग सीईटीच्या कॅप राउंडचा (सरकारी प्रवेश फेरीचा) फॉर्म तरी आजच भरा. ८४ ला सांगली-साताऱ्यात कॉम्प्युटर कुठं लागेल, कुणाकडं मागच्या वर्षीचा कटऑफ असेल तर टाका.