‘प्रपिशिएट’ला मराठीत काय लिहायचं?

विद्यार्थी, अमळनेर:
भाषांतराला दिलेल्या इंग्रजी उताऱ्यात ‘प्रपिशिएट’ (propitiate) शब्दाचं वाक्य होतं: दुष्काळ पडला तेव्हा गावकऱ्यांनी देवीला ‘प्रपिशिएट’ केलं. मी ‘देवीची समजूत काढली’ असं लिहिलं. सरांनी लाल रेघ मारली. शब्दकोशात तर ‘शांत करणे’ आहे. चुकलं कुठं?

निवृत्त शिक्षिका, चोपडा:
बाळा, समजूत रडत्या पोराची काढतात, रुसलेल्या जावयाची काढतात. या क्रियापदात समोरचा आपल्याहून थोर असतो, त्याचा कोप झालेला असतो किंवा होईल अशी धास्ती असते, आणि त्याच्यापुढे रिकाम्या हातानं जायचं नसतं.

आमच्याकडे खानदेशात श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. मी लहान असताना एका वर्षी सुतक आलं आणि रोट, म्हणजे तिचा गव्हाचा नैवेद्य, राहिले. त्या हिवाळ्यात दुभती म्हैस गेली. आजीच्या तोंडी एकच, “कानबाई माय रुसनी.” पुढच्या श्रावणात तिनं घरातल्या माणसांच्या नावानं मुठी मोजून गहू घेतले, आणि मागच्या वर्षाच्या तेवढ्याच मुठी पुन्हा मोजल्या. जात्यावर दळण संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. आजीनं जे केलं ते ‘प्रपिशिएट’.

शब्द लॅटिनमधल्या ‘प्रोपिटिउस’वरून आलाय, म्हणजे अनुकूल, प्रसन्न. ‘प्रपिशस’ (propitious) हे विशेषणही त्याच घरचं. शुभ वेळेला लावतात. म्हणून ‘देवीला प्रसन्न करून घेतलं’ असं लिही. त्यातलं ‘घेतलं’ गाळू नकोस. पाऊस गावाला हवा होता, ते त्या ‘घेतलं’मध्ये येतं.

विद्यार्थी, अमळनेर:
मग ‘अपीज’ (appease) आणि हा शब्द एकच का?

अनुवादक, जळगाव:
जवळचे आहेत, पण ‘अपीज’ भुकेलाही चालतं, रागालाही चालतं. राजकारणात तर त्याला डागच लागला. १९३८ साली म्युनिकमध्ये ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन वगैरेंनी हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन भाग देऊ केला, त्या धोरणाचं नाव ‘अपीजमेंट’. आपण त्याला तुष्टीकरण किंवा अनुनय म्हणतो. देवीच्या वाक्यात तुष्टीकरण लिहिलंस तर तिचा अपमान होईल.

विद्यार्थी, अमळनेर:
“दुष्काळात गावकऱ्यांनी नवस बोलून देवीला प्रसन्न करून घेतलं.” आता बरोबर?

निवृत्त शिक्षिका, चोपडा:
‘नवस बोलून’ काढ. नवसात द्यायचं ते नंतर, काम झाल्यावर. आजीनं आधी दिलं होतं.