सिंगालीलाचा वसंत: तुम्ही काय पाहिलंत?

दार्जिलिंगला जाणारे आपल्यातले बरेच जण टायगर हिल आणि चहाचे मळे पाहून परततात. तिथून पंचवीसेक किलोमीटरवर मानेभंज्यांग आहे आणि तिथूनच वर सिंगालीला राष्ट्रीय उद्यानाची वाट जाते. एप्रिल-मेमध्ये जाऊन आलेल्यांनी इथे जरूर लिहा. कोणत्या आठवड्यात गेलात आणि कुठे काय फुललं होतं, एवढं नक्की सांगा.

सुरुवात मीच करते. एप्रिलचा दुसरा आठवडा होता. या वाटेवरच्या तोंग्लूच्या चढावर दाट धुकं होतं आणि त्यातून अचानक एक लालभडक झाड समोर आलं. लालीगुरांस, म्हणजे लाल ऱ्होडोडेंड्रॉन! आपला पळस फुलतो तेव्हा झाडावर पान नसतं. इथे गर्द हिरव्यावर लाल, त्यामुळे रंग असा काही उठतो की बस. खाली पडलेलं एक फूल उचलून आत पाहिलं. तळाशी पाच काळसर खळगे होते आणि त्यांत मध साचला होता. बोट लावून चाखला.

* * *

आम्ही गेलो होतो कांचनजुंगासाठी. पॅकेजवाल्याने "शिखर हमखास दिसणार" असं सांगितलं होतं. चार दिवस नुसता धुरकटपणा, कालापोखरीला दुपारी गारांचा मारा, आणि ३६३६ मीटरवरच्या संदकफूला पहाटे चार वाजता उठून समोर पांढरी भिंत. फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? वसंतात हवा अशीच असते, हे आधी सांगायला हवं होतं. शिखरांसाठी जायचं तर ऑक्टोबर-नोव्हेंबर. एप्रिलमध्ये जाल ते फुलांसाठी जा, म्हणजे एकही दिवस वाया जाणार नाही.

* * *

आईचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही लँडरोव्हर केली. रस्त्याने हाडं खिळखिळी होतात. पण वयस्कर माणसांना घेऊन एका दिवसात थेट संदकफू गाठू नका. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, हे त्याच्या दुपटीहून उंच. आम्ही तुमलिंगला मुक्काम केला, म्हणून आईचं डोकं दुखलं नाही.

तिथल्या होमस्टेच्या दीदींनी चुलीजवळ वाळवलेल्या गुरांसाच्या पाकळ्या दाखवल्या. घशात माशाचा काटा अडकला की त्या खायच्या, म्हणजे काटा उतरतो, असं तिकडे मानतात. आई रत्नागिरीची. तिने लगेच सांगितलं, "आमच्याकडे कोरड्या भाताचा घास गिळायला देतात." मग दोघी तासभर मोडक्यातोडक्या हिंदीत माशांवर बोलत बसल्या. निघताना दीदींनी चिमूटभर पाकळ्या कागदात बांधून दिल्या. ती पुडी आईच्या देव्हाऱ्याच्या खणात अजून आहे.

* * *

पक्षी बघणाऱ्यांसाठी दोन शब्द. फुललेल्या झाडासमोर अर्धा तास हलू नका. शिंजीर येतात. त्यांतल्या एका नराची शेपटी विणीच्या काळात लांबलचक लाल होते, आणि लाल फुलांत तो हलेपर्यंत दिसतच नाही. लाल पांडा मात्र मला तीन फेऱ्यांत दिसलेला नाही.

* * *

मी मेच्या पहिल्या आठवड्यात गेले. तोंग्लूपाशी फुलं संपली होती, झाडाखाली तपकिरी चिखल झाला होता. मन खट्टू झालं. पण बहर खालून वर चढत जातो. कालापोखरीच्या पुढे उतारच्या उतार गुलाबी आणि पांढरे होते. म्हणून तारखा ठरवताना नुसतं "फुलं कधी असतात" असं विचारू नका, कुठल्या उंचीवर कधी ते विचारा. आणि १६ जून ते १५ सप्टेंबर उद्यान बंद असतं, तेव्हा मेअखेरीच्या पुढे ढकलू नका.