कौल उजवा पडला तरी...
देवळात देवाला विचारलेला कौल उजवा पडला की देवाची इच्छा कळली, मग डोळे मिटून पुढे जायचं, असं या चर्चेत वर कुणीतरी लिहिलंय ते मला अर्धंच पटतं. आमच्या सिंधुदुर्गात गुरव मूर्तीला पाकळ्या नाहीतर तांदूळ लावतो, उजवीकडचं आधी पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार, म्हणजे प्रश्न हो-नाहीचाच विचारता येतो आणि नेमकं काय विचारायचं ते घरातल्यांनी आधी बसून ठरवावं लागतं. माझ्या मते देव तिथूनच बोलायला लागतो.

१९८२ च्या गिरणी संपात बाबांचं काम गेलं तेव्हा लालबागची खोली सोडून गावी यायचं का म्हणून कौल लावला होता, तो डावा पडला म्हणून मुंबईतच राहिलो. पण राहून खायचं काय हे कौलात नव्हतं ना! आई डबे करून द्यायला लागली, बाबा भायखळ्याहून भाजी आणून विकायचे आणि संध्याकाळी दिवा लावून फक्त उद्याच्या दिवसापुरतं मागायचे, हा खरा भरवसा असं मला अजून वाटतं. याच चर्चेत ज्या ताईंनी उजवा कौल मिळूनही धंदा बसला असं लिहिलंय त्यांनी देव कोपला असं प्लीज मनात आणू नका.