व्हिटनीचा परवाना मिळाला नाही. इन्यो राष्ट्रीय वनातील ७ दिवसांचे काय करावे?

रानजाई

नमस्कार. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मी, माझे यजमान, ११ वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांचे सासरे असे आम्ही चौघे कॅलिफोर्नियातील इन्यो राष्ट्रीय वनात ७ दिवस राहणार आहोत. यजमानांना माउंट व्हिटनीवर चढायचे होते, परंतु परवान्याच्या सोडतीत नाव आले नाही आणि त्यामुळे सगळ्या सहलीचा कणाच मोडल्यासारखे झाले आहे. सध्याच्या आराखड्याप्रमाणे आम्ही दक्षिणेकडून, लोन पाइनच्या बाजूने शिरणार, पहिल्याच दिवशी ब्रिसलकोन पाइनचे प्राचीन वृक्ष पाहणार आणि मग महामार्ग ३९५ धरून उत्तरेकडे मोनो सरोवरापर्यंत जाणार आहोत. सासरे रोज तासभर चालतात, त्यांना रक्तदाबाची गोळी आहे, बाकी प्रकृती उत्तम आहे. आम्ही सगळे समुद्रसपाटीला राहणारी माणसे आहोत. चौघांनाही मनापासून आनंद वाटेल अशा पायवाटा कोणत्या, कोठे परवाना लागतो आणि कोठे लागत नाही, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पाऊलवाट

रानजाई, सर्वप्रथम यजमानांचे समाधान होईल अशी गोष्ट सांगतो. व्हिटनीच्या वाटेवर परवाना लागतो तो लोन पाइन लेकच्या पुढे. व्हिटनी पोर्टलपर्यंत गाडी जाते आणि तेथून त्याच प्रसिद्ध वाटेने लोन पाइन लेकपर्यंत दिवसभरात जाऊन येण्यासाठी कोणताही परवाना लागत नाही. येऊन-जाऊन साधारण साडेपाच मैल आणि सुमारे १,६०० फुटांचा चढ आहे. शिखराची २२ मैलांची, ६,००० फुटांहून अधिक चढाची वाट ज्यांना झेपते त्यांनाही पहिला टप्पा हाच चालावा लागतो, त्यामुळे हा अनुभव दुय्यम समजू नये.

दुसरी गोष्ट अशी की अनेक जण राष्ट्रीय वनाला राष्ट्रीय उद्यानाचा धाकटा भाऊ समजतात आणि तेथील नियम येथे लावू पाहतात. उद्याने अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्याच्या अखत्यारीत येतात, तर राष्ट्रीय वने कृषी खात्याच्या वनसेवेकडे आहेत, आणि वनांच्या जमिनीवर चराई, लाकूड, पाणी, शिकार, मासेमारी आणि भटकंती हे सगळे उपयोग शेजारी-शेजारी चालतात. १९६० च्या कायद्याने मैदानी करमणुकीलाही त्या उपयोगांत अधिकृत स्थान दिले. याचा तुमच्यासाठी अर्थ एवढाच, की येथे मोकळीक पुष्कळ आहे. एका दिवसाच्या चालण्यासाठी व्हिटनीचा पट्टा वगळता सहसा परवाना लागत नाही. मात्र जॉन म्यूर किंवा अँसल ॲडम्स यांच्या नावाच्या संरक्षित रानात रात्र काढायची असेल तर परवाना हवाच, आणि १ मे ते १ नोव्हेंबर या काळात प्रत्येक वाटेवरच्या माणसांची संख्या ठरलेली असते. त्यातले ६० टक्के परवाने ६ महिने आधी आणि ४० टक्के २ आठवडे आधी खुले होतात, म्हणजे यजमान व मुलगी यांना एक रात्र तंबूत काढायची असल्यास अजूनही संधी आहे.

पायवाटांपैकी माझी पहिली पसंती निःसंशय रॉक क्रीकच्या लिटल लेक्स व्हॅलीला आहे. मॉस्किटो फ्लॅट येथे गाडी १०,२०० फुटांच्या वर नेऊन सोडते आणि सिएरा नेवाडा पर्वतरांगेत एवढ्या उंचीवर सुरू होणाऱ्या वाटा फार थोड्या आहेत. अर्ध्या मैलावर मोनो खिंडीची वाट उजवीकडे फुटते, तेथे तुम्ही सरळ खोऱ्यात राहायचे. त्यानंतर हार्ट लेक, बॉक्स लेक, लाँग लेक अशी तळी ओळीने येतात, आणि समोर १३,००० फुटांहून उंच शिखरांची भिंत सतत सोबत असते. चढ इतका बेताचा आहे की सासऱ्यांना जेथे थांबावेसे वाटेल तेथे एखादे तळे असेलच. वाहनतळ लहान असून लवकर भरतो, म्हणून सकाळी ७ च्या आत पोहोचावे.

यजमानांना थकवणारा एखादा दिवस हवाच असेल, तर बिग पाइन क्रीकच्या उत्तर शाखेची वाट घ्यावी. सेकंड लेकपर्यंत येऊन-जाऊन साधारण १० मैल आणि सव्वादोन हजार फुटांच्या आसपास चढ आहे. वरच्या पॅलिसेड हिमनदीने दळलेल्या खडकाचे पीठ या पाण्यात तरंगत राहते, म्हणून तळ्यांचा रंग दुधाळ निळा-हिरवा दिसतो. मुलीला हे कारण आधी सांगून ठेवा. रंग पाहिल्यावर ती ते विसरणार नाही.

देवदार

पाऊलवाट यांच्या वाटा उत्तम आहेत, परंतु मला काळजी वाटते ती तुमच्या क्रमाची. ब्रिसलकोन वृक्षांची शुलमन राई सुमारे १०,००० फुटांवर आहे. समुद्रसपाटीवरून येऊन पहिल्याच दिवशी तेथे जाण्याची चूक आम्ही केली होती. गाडीतून उतरल्यावर अर्ध्या तासात आईचे डोके ठणकू लागले, पाठोपाठ उलट्या झाल्या, आणि वृक्ष न पाहताच आम्हाला परत फिरावे लागले. सुमारे ६,००० फूट खाली, बिग पाइन गावात आल्यावर तासाभरात तिला बरे वाटले. तेव्हाची माझी भीती मला अजून आठवते. अशा वेळी खाली उतरणे हाच खरा उपचार असतो, आणि गाडी असल्याने तो आमच्या हातात होता.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की संपूर्ण सहल उलटी करा आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे या. मोनो सरोवर सुमारे ६,४०० फुटांवर आहे, जून लेक आणि कॉन्व्हिक्ट लेक साधारण ७,६०० फुटांवर आहेत. पहिल्या २-३ रात्री या पट्ट्यात झोपलात, तर शरीराला सवय होण्यास वेळ मिळेल आणि त्यानंतर लिटल लेक्स व्हॅली व शुलमन राई या १०,००० फुटांच्या जागा सुखाच्या होतील. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळीविषयी निघण्यापूर्वी डॉक्टरांना उंचीचे आकडे सांगून विचारावे, कारण काही औषधांमुळे लघवीवाटे पाणी अधिक जाते.

हे सुरुवातीचे दिवस कमी प्रतीचे नाहीत. मोनो सरोवर समुद्रापेक्षा दुपटीहून अधिक खारट आहे, त्यात मासा जगत नाही, आणि तरीही मिठागरी कोळंबी व क्षारमाश्यांवर लक्षावधी पक्षी पोसले जातात. साउथ टुफा येथील चुनखडीचे सुळके मुळात पाण्याखाली तयार झाले. १९४१ पासून लॉस एंजेलिस शहराने सरोवराला मिळणारे ओढे वळवले, पातळी घसरली आणि सुळके उघडे पडले. १९९४ मध्ये राज्याच्या जलमंडळाने पातळी पुन्हा वाढू देण्याचा आदेश दिला, तरीही ठरवलेली पातळी अजून गाठली गेलेली नाही. कॉन्व्हिक्ट लेकला पूर्ण फेरी मारता येते आणि ती जवळजवळ सपाट आहे. हॉट क्रीकला वाफाळणारे निळे पाणी दिसेल, पण २००६ पासून तेथे उतरण्यास बंदी आहे आणि ती योग्यच आहे, कारण उकळत्या पाण्याचे झोत तेथे अचानक फुटतात.

ब्रिसलकोनसाठी मात्र अर्धा दिवस राखून ठेवा. तेथील मथुसेला नावाचा वृक्ष ४,८०० वर्षांहून अधिक वयाचा आहे. १९५७ मध्ये एडमंड शुलमन यांनी त्याचे वय मोजले, आणि त्याची नेमकी जागा वनसेवा जाहीर करत नाही. डोलोमाइट या चुनखडीसारख्या खडकाची निकस माती, अत्यल्प पाऊस आणि बोचरा वारा यांमुळे ही झाडे इतकी सावकाश वाढतात की लाकूड दाट व राळयुक्त होते आणि कीड-बुरशीला सहजी दाद देत नाही. एका मैलाची डिस्कव्हरी ट्रेल सर्वांना जमेल. महामार्ग ३९५ सोडल्यानंतर पेट्रोल मिळत नाही, आणि पिण्याचे पाणी खालूनच भरून न्यावे.

चकमक

वरील दोघांनी आगीचा उल्लेख केलेला नाही, म्हणून लिहितो. ऑगस्ट हा वणव्यांचा काळ आहे. सप्टेंबर २०२० मध्ये आणि पुन्हा ३१ ऑगस्ट २०२१ पासून कॅलिफोर्नियातील राष्ट्रीय वने सरसकट बंद करण्यात आली होती, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी वनाच्या अधिकृत संकेतस्थळावरील सूचना अवश्य वाचा. ठरावीक कॅम्पग्राउंडच्या बाहेर साधा गॅसचा स्टोव्ह पेटवण्यासाठीसुद्धा राज्याचा परवाना लागतो. तो विनामूल्य असून ऑनलाइन मिळतो.

येथील अस्वले 'ब्लॅक बेअर' जातीची असतात आणि अन्नाच्या वासावर येतात. गाडीत बिस्किटाचा पुडाही ठेवू नका. कॅम्पग्राउंडवर लोखंडी पेट्या असतात, त्यांत अन्न, साबण आणि टूथपेस्ट ठेवून कडी लावा. माणसाच्या अन्नाला चटावलेले अस्वल बहुधा शेवटी मारावे लागते, आणि ती चूक अस्वलाची नसते.

उंचसखल

एक वेगळे मत मांडतो. देवदार यांच्या क्रमाने आलात तर आठवड्याच्या अखेरीस यजमान उंचीला बऱ्यापैकी सरावलेले असतील. व्हिटनीचे रद्द झालेले परवाने आरक्षणाच्या संकेतस्थळावर पुन्हा दिसतात, आणि एकट्या माणसाला एखादी जागा मिळणे अगदीच अशक्य नाही. दिवसाला १०० जणांना एका दिवसात जाऊन येण्याची परवानगी असते. ते गेलेच तर पहाटे ३ पूर्वी निघावे, ऑगस्टमध्ये दुपारी विजा कडाडतात म्हणून कोठून आणि किती वाजता परत फिरायचे हे आधीच ठरवावे, आणि मलविसर्जनासाठी मिळणारी पिशवी वापरून ती खाली घेऊन यावी. त्या पट्ट्यात तसा नियमच आहे.

रानजाई

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. क्रम उलटा केला आहे: मोनो सरोवर, ३ रात्री कॉन्व्हिक्ट लेक, लिटल लेक्स व्हॅली, शुलमन राई आणि शेवटी लोन पाइन. रद्द परवान्याचा विषय मी यजमानांपुढे ठेवला, परंतु मुलीने "मग आम्ही दिवसभर खाली काय करायचे?" असे विचारल्यावर त्यांनी स्वतःच तो बाजूला ठेवला. लोन पाइन लेकला ते दोघे जातील, मी सासऱ्यांबरोबर पोर्टलला थांबेन. सासऱ्यांची एकच इच्छा आहे, की व्हिटनीचे शिखर निदान डोळ्यांनी पाहावे. ते कोठून दिसते?

पाऊलवाट

लोन पाइन गावातूनच दिसते. सूर्योदयाच्या वेळी पश्चिमेकडे तोंड करून उभे राहावे, कारण डोंगराची पूर्वेची भिंत तेव्हा उजळते. डावीकडे जे भव्य शिखर सर्वांत उंच वाटेल ते व्हिटनी नव्हे. ते लोन पाइन पीक आहे, जवळ असल्याने मोठे भासते आणि बहुतेक लोक त्याचेच छायाचित्र घेऊन परततात. त्याच्या उजवीकडे, मागे सरकलेले, डाव्या अंगाला अणकुचीदार सुळक्यांची रांग असलेले शिखर शोधा. तेच १४,५०५ फुटांचे व्हिटनी. १८७३ च्या ऑगस्टमध्ये त्यावर प्रथम पोहोचल्याची नोंद ज्यांच्या नावे आहे, ते तिघे याच खोऱ्यातून मासेमारीसाठी डोंगरात गेलेले होते. सासऱ्यांसाठी लहान दुर्बीण आणि पहाटेच्या गारठ्याला एक शाल बरोबर ठेवा.