पॉझिटिव्हला स्टीलचा चमचा? नको!

बादलीभर सोड्याच्या पाण्यात गंजकी वस्तू चार्जरच्या निगेटिव्ह वायरीला आणि दुसरा लोखंडी तुकडा पॉझिटिव्हला जोडून विजेने गंज काढतात. त्यात पॉझिटिव्हला घरातला जुना स्टीलचा चमचा लावला तर चालेल का, असं एकाने विचारलंय. अजिबात नको. स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम सुटून विषारी रूपात पाण्यात उतरतं, मग ते पाणी ओतायचं कुठे? बांधकामावरचा सळईचा तुकडा घ्या, फुकट मिळतो. पाण्यात मीठ टाकायचा सल्ला कुणी दिला तर तोही विसरा, क्लोरीन वायू सुटतो. धुण्याचा सोडा पुरे, दहा लिटरला दोन-तीन मोठे चमचे.

मी आजोबांच्या रंध्याचं पातं असं साफ केलं. पहिल्यांदा घाईत वायरी उलट लावल्या आणि गंज राहिला बाजूला, पात्याची धारच खाल्ली गेली. गंजकी वस्तू कायम निगेटिव्हला! नीट जोडल्यावर १२ व्होल्टच्या साध्या चार्जरवर पात्यावरून बारीक बुडबुडे सुटले, वर तपकिरी फेस जमला. रात्रीपर्यंत लाल गंजाची काळी पूड झाली होती, ती दात घासायच्या जुन्या ब्रशने निघाली. फक्त सळईसमोरची बाजू जास्त साफ होते, म्हणून मधेच पातं फिरवलं. (हल्लीचे 'स्मार्ट' चार्जर बॅटरी दिसल्याशिवाय चालूच होत नाहीत, तो वैताग वेगळा.)

बुडबुडे हायड्रोजनचे असतात, तेव्हा बादली गॅलरीत ठेवा आणि वायरी हलवण्याआधी चार्जर बंद करा. स्प्रिंगा मात्र यात बुडवू नका, हायड्रोजनने कडक पोलाद ठिसूळ होतं. बाहेर काढलं की धुवून, पुसून लगेच तेल लावा. मी चहा प्यायला गेलो तेवढ्यात पात्यावर परत नारिंगी झाक आली होती.